पोलात्स्क नेमके कोणाचे? एका भिंतीतून वाचलेला बेलारूसचा इतिहास

उत्तर बेलारूसमधील पोलात्स्क या शहरात पश्चिम द्विना नदीच्या उंच काठावर सेंट सोफियाचे पांढरेशुभ्र चर्च उभे आहे. समोरून पाहिले तर दोन उंच, सडपातळ मनोरे आणि लाटेसारखी वळणे घेणारी दर्शनी भिंत यांमुळे ते 18 व्या शतकातील युरोपीय बरोक शैलीचे चर्च आहे, हे चटकन ध्यानात येते. वळसा घालून पूर्वेच्या बाजूला गेले की मात्र खालच्या अर्धगोल भिंतीत वेगळेच बांधकाम दिसते. तिथे पातळ, चपट्या विटांचे आणि ओबडधोबड दगडांचे थर एकावर एक रचलेले आहेत आणि त्यांच्यामध्ये फिकट गुलाबी चुन्याचे जाड पट्टे आहेत. हा गुलाबी रंग विटांच्या चुऱ्याचा आहे. चुन्यात विटांची पूड मिसळून केलेल्या मिश्रणाला आपण सुरखी म्हणतो, आणि बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्याच्या, परंपरेतले गवंडीही हीच युक्ती वापरत. ही भिंत 11 व्या शतकाच्या मध्यातली आहे. म्हणजे एकाच इमारतीत, काही पावलांच्या अंतरावर, सातशे वर्षांचा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो.

पोलात्स्कचा इतिहास समजून घेताना वाचकाची दमछाक होते, कारण हे शहर कधी कीव्हच्या रुसचे, कधी लिथुआनियाचे, कधी पोलंडचे, कधी रशियाचे असल्याचे पानोपानी सांगितले जाते आणि बेलारूस हे नाव जवळजवळ शेवटी येते. राजवटींची यादी पाठ करून हा गुंता सुटत नाही. त्यापेक्षा दोन शब्द नीट समजून घेतले, तर बराचसा इतिहास आपोआप जागेवर बसतो. पहिला शब्द ‘रुस’ आणि दुसरा ‘लिथुआनिया’. या दोन्ही शब्दांचे जुने अर्थ आजच्या देशांच्या नावांशी जुळत नाहीत, आणि पोलात्स्कविषयीचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

आधी जागा पाहू. पालाता नावाची छोटी नदी जिथे पश्चिम द्विनेला मिळते, तिथे हे शहर वसले; त्याचे नावही पालातावरूनच पडले. बेलारुशियन लोक त्याला पोलात्स्क म्हणतात, रशियन भाषेत ते पोलोत्स्क होते. हीच द्विना पुढे लॅटव्हियात दौगावा हे नाव घेते आणि रीगाजवळ बाल्टिक समुद्राला मिळते. दक्षिणेला थोडे अंतर जमिनीवरून कापले की नीपर नदीच्या खोऱ्यात उतरता येते आणि तिथून काळ्या समुद्रापर्यंत जाता येते. उत्तरेच्या समुद्रातून कॉन्स्टँटिनोपलकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांपैकी एक वाट अशी पोलात्स्कच्या दारातून जात होती. मेण आणि जनावरांची कातडी इथून बाहेर जात, मीठ आणि धातू आत येत. नदीचा हा मार्ग ज्याच्या हाती, त्याच्याकडे पैसा. त्यामुळे पुढची अनेक शतके प्रत्येक बलाढ्य शेजाऱ्याची नजर या शहरावर राहिली.

जुन्या रुस इतिवृत्तात पोलात्स्कचा पहिला उल्लेख 862 या वर्षाखाली येतो. ‘रुस’ हा तेव्हा एक देश नव्हता; एकाच राजघराण्याच्या शाखांनी वाटून घेतलेल्या संस्थानांचा तो समूह होता, आणि त्यात कीव्हला मोठ्या भावाचा मान होता. आजचे रशिया, युक्रेन आणि बेलारूस हे तिन्ही देश आपला उगम या समूहाशी जोडतात. म्हणून पोलात्स्क ‘रुसमधले शहर’ होते हे विधान बरोबर आहे, पण त्यावरून ते ‘रशियातले जुने शहर’ होते असा निष्कर्ष काढणे चूक आहे. त्या काळी मॉस्कोचे नावही कुठे आलेले नव्हते. त्याचा पहिला उल्लेख 1147 सालचा आहे.

त्यातही पोलात्स्कचे कीव्हशी पटत नव्हते. त्याचे मूळ इतिवृत्तातल्या एका कथेत आहे आणि ती कथा आजही तिथल्या मुलांना शाळेत भेटते. दहाव्या शतकात पोलात्स्कवर रोग्वोलोद राज्य करीत होता. त्याची मुलगी रोग्नेदा हिला नोव्हगोरोदचा व्लादिमीर याने मागणी घातली. लग्नात नवरीने नवऱ्याच्या पायातले जोडे काढण्याची तेव्हा रीत होती. व्लादिमीरची आई दासी असल्यामुळे ‘दासीपुत्राचे जोडे मी काढणार नाही’ असे रोग्नेदाने कळवले. व्लादिमीरने पोलात्स्क जिंकले, तिच्या वडिलांना आणि भावांना मारले आणि तिला बळाने पत्नी केले. हाच व्लादिमीर पुढे कीव्हचा राजा झाला आणि 988 मध्ये ख्रिस्ती झाला. इतिवृत्त पुढे सांगते की रोग्नेदाने एका रात्री झोपलेल्या व्लादिमीरवर सुरी उगारली. तो जागा झाला आणि तिला ठार मारायला निघाला, तेव्हा तिचा लहानगा मुलगा इझ्यास्लाव हातात तलवार घेऊन बापासमोर उभा राहिला. व्लादिमीरने माघार घेतली आणि आईला व मुलाला तिच्या माहेरच्या मुलखात पाठवून दिले. कथेचा प्रत्येक तपशील घडलाच असेल असे नाही. पण कीव्ह आणि पोलात्स्क या दोन घराण्यांमध्ये पुढे दीडशे वर्षे तलवारी का चालल्या, याचे तेव्हाच्या लोकांनी स्वतःला दिलेले हे उत्तर आहे, आणि म्हणून ते महत्त्वाचे आहे.

इझ्यास्लावचा नातू व्सेस्लाव याने 1044 ते 1101 अशी तब्बल 57 वर्षे पोलात्स्कची गादी सांभाळली. लोक त्याला ‘जादूगार’ म्हणत. रात्री तो लांडग्याचे रूप घेऊन धावतो, अशी समजूत होती. त्याने नोव्हगोरोदवर स्वारी करून तिथल्या सेंट सोफियाच्या घंटा उतरवून आणल्या. 1067 मध्ये न्यामिगा नदीच्या काठी कीव्हच्या राजघराण्यातील भावांशी त्याची रक्तरंजित लढाई झाली. त्याच लढाईच्या निमित्ताने आजची राजधानी मिन्स्क हिचे नाव इतिवृत्तात पहिल्यांदा येते. तहाची शपथ घेऊन त्याला बोलावण्यात आले आणि शपथ मोडून कैद करण्यात आले. पण पुढच्याच वर्षी कीव्हच्या जनतेने बंड करून या कैद्यालाच सिंहासनावर बसवले, आणि सुमारे सात महिने तो कीव्हचा राजा होता. मग तो आपल्या शहरात परतला.

सेंट सोफिया त्याच्याच काळातली. पूर्व स्लाव्ह प्रदेशात त्याआधी या नावाची दोनच भव्य चर्च होती, एक कीव्हमध्ये आणि दुसरे नोव्हगोरोदमध्ये. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचे नाव घेऊन तिसरे चर्च उभारणे म्हणजे आम्ही या दोघांपेक्षा कमी नाही, असे दगडविटांत सांगणे होते. लेखाच्या सुरुवातीला पाहिलेली गुलाबी पट्ट्यांची भिंत हे त्या विधानाचे उरलेले अक्षर आहे.

व्सेस्लावची नात प्रेदस्लावा हिने मात्र राज्याऐवजी मठाची वाट धरली. लग्नाच्या वयात घर सोडून ती संन्यासिनी झाली आणि येफ्रोसिन्या हे नाव तिने घेतले. सेंट सोफियातच एका खोलीत राहून ती स्वतःच्या हाताने ग्रंथांच्या प्रती लिहीत असे, आणि मिळालेले पैसे गरजूंना देत असे, असे तिचे चरित्र सांगते. 12 व्या शतकात, जेव्हा लिहिणे हे शरीर थकवणारे पुरुषांचे काम मानले जाई, तेव्हा एका राजकन्येने ते काम हाती घेतले, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पुढे शहराबाहेर तिने मठ स्थापला आणि योआन नावाच्या गवंड्याकडून तारणहाराचे छोटे, उभट चर्च बांधून घेतले. ते 30 आठवड्यांत पूर्ण झाले, असे चरित्रात म्हटले आहे. हे चर्च आजही उभे आहे. त्याच्या भिंतींवरची 12 व्या शतकातील चित्रे 19 व्या शतकात तैलरंगांच्या थराखाली झाकली गेली होती. संवर्धकांनी तो थर हळूहळू सोडवून मूळ चित्रे पुन्हा उजेडात आणली आहेत.

या चर्चसाठी येफ्रोसिन्याने 1161 मध्ये लाझार बोग्शा या सोनाराकडून एक क्रूस घडवून घेतला. सुमारे 52 सेंटिमीटर उंचीच्या, दोन आडव्या भुजांच्या लाकडी क्रूसावर सोन्याचांदीचे पत्रे, रत्ने आणि मोत्यांच्या ओळी होत्या, आणि संतांच्या इवल्या प्रतिमा मीनाकामात साकारलेल्या होत्या. कारागिराने त्यावर स्वतःचे नाव कोरले, साहित्याची किंमतही नोंदवली, आणि मठातून जो कोणी हा क्रूस नेईल, विकेल किंवा देऊन टाकेल, त्याला शाप असो, असे वाक्यही कोरले. आपल्याकडच्या शिलालेखांत दान मोडणाऱ्याला दिलेल्या शापवचनांची इथे सहज आठवण होते. त्या शापाचा धाक फारसा कोणाला वाटला नाही. क्रूस स्मोलेन्स्कला गेला, तिथून मॉस्कोला गेला. 1563 मध्ये झार इव्हान चौथा, म्हणजेच ‘भयंकर इव्हान’, पोलात्स्कवर चालून आला तेव्हा तो क्रूस सोबत घेऊन आला आणि शहर जिंकल्यावर त्याने तो मठाला परत केला. सोव्हिएत सत्तेने 1921 मध्ये तो जप्त केला. 1928 मध्ये तो मिन्स्कला आणि लवकरच मोगिल्योव्हला नेण्यात आला, आणि 1941 मध्ये जर्मन आक्रमणाच्या गोंधळात तिथल्या तिजोरीतून नाहीसा झाला. तो अजून सापडलेला नाही. ब्रेस्तच्या मिकालाय कुझमिच या कारागिराने जुनी छायाचित्रे आणि वर्णने अभ्यासून, विसरली गेलेली मीनाकामाची पद्धत स्वतः शोधून काढून, 1997 मध्ये त्याची प्रतिकृती पूर्ण केली, आणि ती आज येफ्रोसिन्याच्या मठात आहे.

आता दुसरा शब्द: लिथुआनिया. 13 व्या शतकात द्विनेच्या मुखाशी जर्मन धर्मयोद्ध्यांनी रीगा वसवले आणि पोलात्स्कचा समुद्राकडचा मार्ग आवळला जाऊ लागला. पूर्वेकडे मंगोल आले होते. अशा वेळी शेजारच्या बाल्टिक सरदारांनी उभारलेल्या नव्या राज्यात पोलात्स्क सामील होत गेले, आणि 1307 पर्यंत ते पक्के झाले. या राज्याचे नाव लिथुआनियाची ग्रँड डची. राजघराणे बाल्टिक वंशाचे होते, पण राज्याच्या विस्तारानंतर प्रजेतले बहुसंख्य लोक स्लाव्ह आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. दरबाराचे लिखाणही प्रामुख्याने स्लाव्ह भाषेत चाले; तिला आज जुनी बेलारुशियन म्हटले जाते आणि युक्रेनियन अभ्यासकही तिच्यावर तितकाच हक्क सांगतात. राज्याचे 1529, 1566 आणि 1588 चे तिन्ही कायदेग्रंथ याच भाषेत लिहिले गेले. त्यामुळे पोलात्स्क ‘लिथुआनियात होते’ असे वाचले, की आजचा विल्नियसभोवतीचा छोटा देश डोळ्यांसमोर आणू नये. आजचे लिथुआनियन आणि बेलारुशियन दोघेही त्या राज्याचे वारस आहेत, आणि दोघांचाही दावा खरा आहे.

ग्रँड ड्यूकच्या, म्हणजे या राज्याच्या शासकाच्या, सनदांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा येते: आम्ही जुने मोडत नाही आणि नवे आणत नाही. पोलात्स्कसारख्या शहरांना ते पटण्याजोगे होते, कारण चर्च, जमिनी आणि स्थानिक रूढी यांना हात लागत नव्हता. 1498 मध्ये शहराला माग्देबुर्ग कायदा मिळाला. हा मूळचा जर्मन शहरी कायदा होता. तो लागू झाला की शहर आपली नगरसभा निवडे, आपले न्यायालय चालवे आणि सरदारांच्या रोजच्या हस्तक्षेपातून मोकळे होई.

याच शहरात, एका व्यापाऱ्याच्या घरी, 1490 च्या सुमारास फ्रान्सिस्क स्कारिना जन्मला. त्याने क्राकोव्ह विद्यापीठातून 1506 मध्ये पदवी घेतली आणि 1512 मध्ये इटलीतील पादुआ येथे परीक्षा देऊन तो वैद्यकशास्त्राचा डॉक्टर झाला. त्यानंतर त्याने प्रागमध्ये छापखाना घातला आणि 1517 ते 1519 या काळात बायबलमधील 23 पुस्तके सामान्य माणसाला कळावीत अशा भाषेत, प्रस्तावना आणि चित्रांसह छापली. पहिले पुस्तक, स्तोत्रसंहिता, 6 ऑगस्ट 1517 रोजी बाहेर पडले. पूर्व स्लाव्ह लोकांमध्ये बायबल छापण्याचे हे पहिलेच काम होते, आणि मॉस्कोतील पहिले तारीखवार छापील पुस्तक त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, 1564 मध्ये आले. पुस्तकांत तो स्वतःची ओळख ‘वैभवशाली पोलात्स्क नगरीचा’ अशी करून देतो. एका प्रस्तावनेत त्याने म्हटले आहे की रानातल्या श्वापदांना आपली बिळे ठाऊक असतात, पाखरांना घरटी, माशांना पाण्यातले डोह, मधमाश्या आपले पोळे राखतात. तसेच माणसे जिथे जन्मतात आणि वाढतात, त्या जागेवर त्यांची मोठी माया असते. परदेशी बसून हे लिहिणारा माणूस पुढेही घरी फारसा राहिला नाही. विल्नियसमध्ये काही वर्षे छपाई केल्यानंतर तो प्रागला गेला आणि राजाच्या बागेची देखरेख करीत तिथेच वारला.

1563 मध्ये इव्हानने शहर घेतले तेव्हा ज्यू रहिवाशांना द्विनेत बुडवून मारण्यात आले आणि हजारो लोकांना कैद करून नेण्यात आले. 1579 मध्ये पोलंडचा राजा स्टेफन बाथोरी याने ते परत जिंकले. दरम्यान, 1569 मध्ये लिथुआनियाची डची आणि पोलंड यांचे संयुक्त राज्य झाले होते.

यानंतरचा सगळ्यांत अवघड भाग धर्माचा आहे. 1596 मध्ये ब्रेस्त येथे इथल्या ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंपैकी अनेकांनी पोपचे नेतृत्व मान्य केले, मात्र पूजेचा विधी, स्लाव्ह भाषा आणि विवाहित पुरोहित ही जुनी पद्धत तशीच ठेवली. या पंथाला युनिएट म्हणतात. देवळात बसलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने बदल जवळजवळ काहीच नव्हता. सत्तेच्या दृष्टीने मात्र तो प्रचंड होता. पोलात्स्कचा युनिएट आर्चबिशप योसाफात कुंत्सेविच याला 1623 मध्ये वितेब्स्कच्या संतप्त जमावाने ठार मारले; कॅथलिकांनी त्याला संत मानले आणि ऑर्थोडॉक्सांनी छळकर्ता. सेंट सोफिया युनिएटांकडे होती. 1705 मध्ये रशियाचा झार पीटर पहिला सैन्यासह इथे आला असता चर्चमध्येच युनिएट साधूंची हत्या झाली. नंतर सैन्याने इमारतीत दारूगोळा साठवला आणि 1710 मध्ये त्याच्या स्फोटाने व्सेस्लावच्या काळचे चर्च कोसळले. युनिएटांनी 1738 ते 1750 या काळात उरलेल्या भिंती पोटात घेऊन नवे चर्च बांधले. जुन्या चर्चची वेदी पूर्वेला होती. नव्याची उत्तरेला ठेवली गेली. म्हणूनच जुनी अर्धगोल भिंत आज बाजूला पडल्यासारखी दिसते.

बाथोरीने आणलेल्या जेझुइटांनी, म्हणजे एका कॅथलिक साधुसंघाच्या सदस्यांनी, शहरात कॉलेज काढले होते. येफ्रोसिन्याचा मठही त्यांना मिळाला, आणि तिच्या चर्चच्या भिंतींवर अणकुचीदार टोकाने कोरलेली त्यांची नावे अजून वाचता येतात. 1772 मध्ये पोलंडच्या पहिल्या फाळणीत पोलात्स्क रशियाकडे गेले. पुढच्याच वर्षी पोपने जगभरातला जेझुइट संघ बरखास्त केला. पण तो आदेश आपल्या साम्राज्यात जाहीर होऊ देण्यास महाराणी कॅथरिन दुसरी हिने नकार दिला, कारण तिला त्यांच्या शाळा हव्या होत्या. परिणामी कॅथलिक युरोपात नष्ट झालेला हा संघ ऑर्थोडॉक्स राजवटीतल्या पोलात्स्कमध्ये जिवंत राहिला. 1814 मध्ये पोपने संघाला पुन्हा मान्यता दिली, तोवर इथल्या कॉलेजची अकादमीही झाली होती. 1820 मध्ये रशियाने त्यांना हाकलले. 1839 मध्ये पोलात्स्कच्याच धर्मसभेत युनिएट पंथ रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये विलीन करण्यात आला. मूळ विधी न सोडता दोनशे चाळीस वर्षांत दोनदा धर्मप्रमुख बदललेले हे लोक होते.

19 व्या शतकाच्या शेवटी शहरातले निम्म्याहून अधिक रहिवासी ज्यू होते. नाझी ताब्यात 1941-42 मध्ये त्यांना घेटोत कोंडून मारण्यात आले, आणि 4 जुलै 1944 रोजी सोव्हिएत सैन्य आत आले तेव्हा शहर ढिगाऱ्यात होते. जेझुइटांचे भव्य चर्च युद्धातून वाचले होते, पण 1964 मध्ये सोव्हिएत प्रशासनाने ते सुरुंग लावून पाडले. ज्या शहराने परक्या तोफांपुढे इतके गमावले, त्याची एवढी मोठी वास्तू शांततेच्या काळात, कागदावरच्या एका निर्णयाने गेली, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही. कॉलेजच्या इमारतीत आता विद्यापीठ भरते.

आज सुमारे 80 हजार वस्तीच्या या शहरात सेंट सोफिया हे संग्रहालय आणि संगीतगृह आहे. तळघरात 11 व्या शतकातील पाया उघडा ठेवला आहे आणि वर ऑर्गनचे कार्यक्रम होतात. बाहेर, चर्चजवळ, एक प्रचंड पाषाण आहे. राजा बोरिसने 12 व्या शतकात त्यावर क्रूस आणि ‘देवा, तुझ्या दास बोरिसला साह्य कर’ ही प्रार्थना कोरून घेतली होती.

शहरात 2003 मध्ये उभारलेले आणखी एक स्मारक आहे, आणि ते एका अक्षराचे आहे. ‘Ў’ हे अक्षर बेलारुशियन वर्णमालेत आहे, शेजारच्या रशियन आणि युक्रेनियन वर्णमालांत नाही. त्याचा उच्चार मराठी माणसाला शिकवावा लागत नाही: ‘गाव’ किंवा ‘नाव’ म्हणताना शेवटचा व आपण जसा अर्धवट, ओठ गोल करून सोडून देतो, तसाच तो आहे. बेलारुशियन माणूस लांडग्याला ‘वोव्क’ म्हणताना मधला व याच अक्षराने लिहितो, आणि व्सेस्लावचे नाव आपल्या भाषेत लिहितानाही शेवटी हेच अक्षर काढतो.